राउटरचा पासवर्ड कोणाचा?

आधी मत सांगतो, मग कारणे. फायबरची जोडणी घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला त्याच्या जोडणीचे युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक कागदावर, न मागता, पहिल्याच दिवशी मिळाला पाहिजे. आणि गोव्यात तो कागद मराठीतही असला पाहिजे. एवढ्याशा मागणीसाठी लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण या कागदाअभावी गेल्या जूनमध्ये आमच्या घरी चार दिवस इंटरनेट नव्हते, आणि मुलाचा प्रवेशाचा अर्ज शेजाऱ्यांच्या ओट्यावर बसून भरावा लागला.

आमच्याकडे पाऊस गडगडाट करतच येतो. फायबर म्हणजे काच, काचेतून वीज वाहत नाही. पण राउटरचा ॲडॉप्टर असतो विजेच्या सॉकेटमध्ये, आणि तिथून व्हायचे ते होते. आमचा डबा असाच गेला. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळाले, आमच्याकडे साठा नाही, बाजारातला फायबरचा कोणताही आणा, चालेल. पणजीला कचेरीतून सुटल्यावर दुकानात गेलो आणि फायबरची वायर थेट लागते तसला नवा राउटर घेऊन आलो. वायर लावली. इंटरनेट नाही.

आता या डब्यावरच्या दिव्यांविषयी थोडे सांगायलाच हवे, कारण सारी गोष्ट त्या दिव्यांत आहे. एलओएस नावाचा दिवा तांबडा पेटला तर समजावे की प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. वायर कुठेतरी तुटली आहे, माडाचे झावळ पडले आहे, उंदराने कुरतडली आहे, किंवा घरातच कपाटामागे ती करकचून वाकली आहे. ही वायर विजेच्या वायरसारखी मुडपून ठेवायची नसते, वाकली की प्रकाश बाहेर गळतो. टोकाचा हिरवा कनेक्टर आठ अंशांच्या कोनात तिरका घासलेला असतो, निळा तसा नसतो. हिरव्याच्या जागी निळा खुपसला तर तो बसतो खरा, पण जोड नीट होत नाही. आणि वायरच्या टोकात डोळा लावून कधी पाहू नये. आतला प्रकाश दिसत नाही, पण तो लेसर असतो.

माझ्याकडे एलओएस विझलेला होता. म्हणजे प्रकाश येत होता. लुकलुकत होता तो पॉन नावाचा दिवा, आणि तो काही केल्या स्थिर होईना. याचे कारण मला नंतर समजले, ते फार साधे आहे. एका फायबरचे फाटे फोडून ती बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटलेली असते. वरून येणारा मजकूर सगळ्याच घरांत जातो आणि प्रत्येक डबा आपल्यापुरता उचलतो. उलट दिशेने पाठवताना मात्र प्रत्येकाला पाळी ठरवून दिलेली असते, नाहीतर सगळेच एकदम बोलू लागतील. म्हणून डब्याचा सीरियल नंबर कंपनीच्या केंद्रातल्या यंत्रात नोंदवावा लागतो. नोंद नाही तर पाळी नाही. आवक-जावक रजिस्टरात ज्याची नोंद नाही तो कागदच अस्तित्वात नाही, हे आम्हा कारकुनांना कोणी शिकवायला नको!

पण हे फोनवर कोणी सांगेल तर शपथ. तीन दिवस मला एकच मंत्र मिळाला, बंद करून चालू करा. एकाने रीसेटचे बटण दाबायला सांगितले. वाचकहो, विचारल्याशिवाय ते बटण दाबू नका. आत भरलेले युजरनेम-पासवर्ड त्यात पुसले जातात आणि होती ती जोडणीही जाते. दरम्यान माझी तक्रार 'निकालात काढली' असा संदेश दोनदा आला.

चौथ्या दिवशी लाईनवरचा मुलगा आला. डब्याकडे पाहून म्हणाला, "बाब, हो राउटर आमचो न्हय." मी म्हटले, तुमच्याच कंपनीने आणायला सांगितला. त्याने कुठेतरी फोन करून डब्याखालचा नंबर वाचून दाखवला. पाच मिनिटांत पॉनचा दिवा स्थिर. पाच मिनिटे! मग इंटरनेटचा दिवा तांबडा राहिला, तेव्हा त्याने माझ्याकडे पाठ करून काहीतरी टाइप केले आणि तोही हिरवा झाला. काय टाइप केलेस, असे विचारले तर म्हणाला, पासवर्ड ग्राहकाला द्यायचा नसतो.

माझ्या नावाची जोडणी, बिल मी भरतो, डबा मी विकत घेतलेला, आणि पासवर्ड मलाच द्यायचा नाही. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, त्या टेलिफोन-मोडेमच्या काळात नाव आणि पासवर्ड आपण स्वतः घालत असू. आजची पीपीपीओई ही पद्धत त्याच घराण्यातली. फरक इतकाच की आता ते डब्यात भरून ठेवतात आणि मालकाला दाखवत नाहीत.

कंपन्यांची एक बाजू मला मान्य आहे. फायबर सामाईक असते, एखादा बिघडलेला डबा अवेळी प्रकाश सोडू लागला तर त्या फाट्यावरच्या सगळ्यांचेच बंद पडते. शिवाय प्रत्येक बनावटीचा डबा केंद्रातल्या यंत्राशी जुळेलच असे नाही. तेव्हा डबा तपासा, नोंद तुमच्या हातात ठेवा, कोणते चालतात त्याची यादी द्या. पण पासवर्ड दडवण्याचा त्याच्याशी काय संबंध? जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायदाच आहे की राउटर ग्राहकाच्या पसंतीचा, आणि जोडणीची माहिती कंपनीने न मागता द्यायची. आपल्याकडेही माहितीची परंपरा नाही असे नाही. गोव्याने माहिती अधिकाराचा कायदा १९९७ मध्ये केला, देशाचा आला २००५ मध्ये. आज आमच्या कचेरीत एखाद्याचा माहितीचा अर्ज नाकारायचा तर कारण लेखी द्यावे लागते.

राहिली भाषा. फादर स्टीफन्स इंग्लंडहून इथे आला, इथली भाषा शिकला, आणि आपला धर्म लोकांना समजावा म्हणून त्याने मराठीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राशोलला छापले गेले. चारशे वर्षांपूर्वी एका परक्या पाद्र्याला जे सुचले ते आमच्या घरात वायर ओढणाऱ्यांना सुचत नाही. राउटरच्या खोक्यातला कागद इंग्रजी, फोनवरचा माणूस हिंदी. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आम्ही मराठीच्या स्थानाविषयी भांडत आहोत. भांडावेच. पण सभा संपल्यावर घरी येऊन 'पॉन लुकलुकतो म्हणजे नोंद झालेली नाही' हे सहा शब्दांचे वाक्य मराठीत कुठे मिळत नसेल, तर आमची मराठी भजनापुरती आणि नाटकापुरतीच राहील, याची मला जास्त धास्ती वाटते. शब्द काही जड नाहीत. दिवा, नोंद, पाळी, नाव, क्रमांक.

कागद मिळेल तेव्हा मिळो. तोवर, ज्यांना नवा राउटर केवळ चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे वायफाय पोचावे म्हणून हवा आहे, त्यांनी कंपनीच्या नादी लागूच नये. जुना डबा तसाच ठेवून नवा त्याला लॅनच्या वायरने जोडावा आणि ॲक्सेस पॉइंट या पद्धतीवर लावावा. पासवर्ड लागत नाही, नोंद लागत नाही. बाकीच्यांनी मे महिन्यात पुरुमेंताच्या याद्या कराल तेव्हा सुके बांगडे, सोलां, मीठ यांच्याखाली आणखी एक ओळ लिहावी. कंपनीला पत्र पाठवून युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन मागणे, पोच घेणे. आणि गडगडू लागले की ॲडॉप्टर सॉकेटमधून काढणे.