नाटक गेल्यावर काय उरतं?

दौऱ्यावरचं नाटक आदिवासी वस्तीत जातं, टाळ्या घेतं, फोटो काढतं आणि पुढच्या मुक्कामाला निघतं. अनुदानाच्या अहवालात त्याला ‘लोकसहभाग’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या ‘बिग हार्ट’ संस्थेचं ‘नमात्जिरा’ (2010) त्यातलं नव्हतं. अल्बर्ट नमात्जिरा हे मध्य ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमधले नामवंत जलरंगचित्रकार. 1957मध्ये त्यांना नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मिळाले आणि पुढच्याच वर्षी, असे हक्क नसलेल्या आप्ताला दारू दिली म्हणून, शिक्षा झाली. 1959मध्ये ते वारले. त्यांच्या चित्रांचे हक्क 1983मध्ये सरकारी विश्वस्ताने 8,500 डॉलरना एका प्रकाशन संस्थेला विकून टाकले. कुटुंबाला विचारलंसुद्धा नाही. म्हणजे आजोबांचं चित्र छापायलाही नातवंडांनी परवानगी मागायची! या नाटकात ट्रेव्हर जेमिसन ही कहाणी सांगत आणि त्याच वेळी नमात्जिरांच्या घरचे चित्रकार मागच्या भिंतीवर खडूने आपले डोंगर रेखाटत. प्रेक्षकांची नजर नटावरून त्या हातांकडे जायची, आणि दिग्दर्शक स्कॉट रँकिन यांना बहुधा तेच हवं होतं. सिडनीत सुरू झालेला हा दौरा 2013मध्ये लंडनला पोचला. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते प्रयोगांच्या सोबतीने चाललेलं रुक्ष काम: कुटुंबासाठी न्यास उभारणं, वकील गाठणं, हक्कांचा पाठपुरावा करणं. त्याला वर्षं लागली. अखेर ऑक्टोबर 2017मध्ये, उद्योजक डिक स्मिथ यांच्या मध्यस्थीने, ते हक्क एका डॉलरला न्यासाकडे परत आले.