ट्यूब नको, डबा लिहा

थंडी पडली की आपल्या दवाखान्यात एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. ‘अंग फुटलंय’, ‘पाय उललेत’, ‘रात्री नडग्यांना इतकी खाज सुटते की डोळ्याला डोळा लागत नाही’. त्यावर आपल्यापैकी बहुतेकजण लिहितात ती चिठ्ठीही ठरलेली असते: खाजेची एक गोळी रात्री, आणि 15 ग्रॅमची मलमाची ट्यूब दोन वेळा लावायला. त्या ट्यूबमध्ये बहुधा तीव्र स्टिरॉइड असते आणि जोडीला एखादे बुरशीनाशक व प्रतिजैविक. ही चिठ्ठी आता बदलायला हवी. तिच्यात औषध चुकते आणि प्रमाण त्याहून जास्त चुकते.

आधी प्रमाणाचे बघू. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या त्वचेला पुरते. हा हिशेब आपण सगळे शिकलो आहोत, पण स्निग्ध मलम लिहिताना तो कुणी मांडत नाही. गुडघ्याखालचे दोन्ही पाय एकदा माखायला साधारण तीन ग्रॅम लागतात. दिवसातून दोनदा लावले तर सहा. म्हणजे 15 ग्रॅमची ट्यूब तिसऱ्या दिवशी दुपारी संपली पाहिजे. आपल्याकडे ती महिनाभर पुरते, आणि रुग्ण सांगतो की ‘मलमाने काही फरक पडला नाही’. सर्वांग कोरडे असलेल्या प्रौढाला एका वेळेला वीस ते तीस ग्रॅम लागते. एक्झिमाच्या रुग्णाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मलम लिहा, असे इंग्लंडमधील मार्गदर्शिका सांगतात. वाचताना तो आकडा अवास्तव वाटतो, पण गुणाकार करून पाहिला की पटतो.

म्हणून माझा आग्रह आहे की कोरड्या त्वचेसाठी ट्यूब लिहूच नका, डबा लिहा. साधे पांढरे सॉफ्ट पॅराफिन, म्हणजे ज्याला घरोघरी व्हॅसलिन म्हणतात ते. रॉबर्ट चेसब्रो यांनी 1872 मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्वचेतून उडून जाणारे पाणी अडवण्यात आजही त्याला मागे टाकणारे मलम सापडलेले नाही. त्याला सुवास नाही, त्यात परिरक्षके नाहीत, ॲलर्जी अत्यंत विरळा, आणि ते तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते. चिकट लागते, कपड्यांना डाग पडतात, हे खरे. ज्यांना चिकटपणा सोसत नाही त्यांना दिवसा लिक्विड पॅराफिनचे क्रीम आणि रात्री पेट्रोलियम जेली द्या. सिरॅमाइडची महागडी क्रीम्स वाईट नाहीत, पण ज्या रुग्णाला डबा परवडत नाही म्हणून तो चिमूटभर लावतो, त्याला महाग औषध लिहून आपण काय साधतो?

त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर जेमतेम दहा ते वीस मायक्रॉन जाडीचा असतो. पेशींच्या मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त मेदाम्ले भरलेली असतात, आणि पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारे नैसर्गिक घटक. थंडीतली कोरडी हवा पाणी ओढून घेते. त्यावर आपण दोन गोष्टींची भर घालतो, कढत पाणी आणि साबण. निफाड, नाशिक, नगर, विदर्भ या पट्ट्यात पहाटे पारा खाली गेला की बंबातले किंवा गीझरचे पाणी सोसवेल तितके गरम घेतले जाते आणि त्याखाली पंधरा-वीस मिनिटे उभे राहिले जाते. त्या पाण्याने मेद विरघळतो. त्वचेचा सामू पाचच्या आसपास, साबणाचा नऊ-दहा. त्वचेला स्वतःचा आम्लपणा परत मिळवायला काही तास लागतात आणि तेवढ्यात काहीजण संध्याकाळची दुसरी आंघोळ उरकतात.

रुग्णाला साबण बंद करा म्हटले तर तो ऐकत नाही, आणि शेतात राबणाऱ्या माणसाला ते सांगणेही बरे नाही. काखा, जांघा, पावले, जिथे खरोखर मळ आणि घाम असतो तिथेच साबण लावा, नडग्या आणि हातांवरून नुसते पाणी जाऊ द्या, एवढे सांगितले की तो मान डोलावतो. शिवाय वेष्टन वाचायला शिकवा. आपल्या मानकांनुसार ग्रेड 1 च्या साबणात एकूण मेदद्रव्य किमान 76 टक्के, ग्रेड 2 मध्ये 70, ग्रेड 3 मध्ये 60 असते. ‘बेदिंग बार’ म्हणून विकली जाणारी वडी 40 टक्क्यांवरही चालते. जंतुनाशक साबणाची थंडीत तर मुळीच गरज नाही. आणि मलमाचा डबा कपाटात नको, न्हाणीघरात ठेवायला सांगा. टॉवेलने खसाखसा न पुसता अंग टिपायचे आणि ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मलम केसांच्या दिशेने लावायचे. उलट दिशेने चोळले की केसांच्या मुळाशी फोड येतात आणि रुग्ण मलमालाच दोष देतो.

पाणी भरपूर प्या हा सल्लाही आपण सवयीने देतो. ज्याच्या शरीरात पाण्याची कमतरता नाही त्याची त्वचा चार तांबे जास्त पिऊन मऊ होत नाही. हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाणी मोजून प्यायला सांगितलेले असते आणि तोच रुग्ण खाज घेऊन येतो. त्याला हा सल्ला घातक ठरू शकतो.

आता औषधाचे. सत्तरीच्या आजोबांचे धोतर किंवा पायजमा गुडघ्यापर्यंत वर घ्या आणि खिडकीच्या उजेडात नडगी नीट बघा. आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा बारीक जाळीदार भेगा, कडांना किंचित लाली, खाजवल्याचे ओरखडे, मधूनच एखादा रक्ताचा ठिपका. नडगीवर तेलग्रंथी मुळात कमी, वयाबरोबर त्याही मंदावतात, म्हणून हे तिथूनच सुरू होते. हा कोरडेपणातून आलेला एक्झिमा आहे. इथे बुरशी नाही आणि जंतुसंसर्गही नाही. त्यामुळे तिहेरी मलमातली दोन औषधे वाया जातात आणि तिसरे अपाय करते. लाली असेल तर मध्यम ताकदीचे स्टिरॉइड दिवसातून एकदा, पाच ते सात दिवस, फक्त लाल भागावर लावा, आणि स्निग्ध मलम सर्वत्र, महिनोन्महिने. दोन्हींमध्ये अर्धा तास जाऊ द्या. क्लोबेटासॉल म्हाताऱ्या पातळ त्वचेवर महिनाभर लावले की ती कागदासारखी होते, धक्का लागताच निळीजांभळी पडते, सोलते. खाजेच्या गोळीचाही फेरविचार करा. झोप आणणाऱ्या जुन्या अँटिहिस्टामिनने ही खाज फारशी कमी होत नाही, रात्री उठून जाताना आजोबा मात्र पडू शकतात.

2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये घातली. तरीही ती काउंटरवर मिळतात हे आपण जाणतो. दुकानदाराला बोल लावणे सोपे आहे. पण बरेचदा ते नाव रुग्णाला पहिल्यांदा आपल्याच चिठ्ठीवर दिसलेले असते. पुढच्या वर्षी तो तीच रिकामी ट्यूब दुकानात दाखवतो.

तेलाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपण डॉक्टर तेलाला हसतो आणि रुग्ण तेलावर भिस्त ठेवतो. 2004 मध्ये फिलिपिन्समध्ये झालेल्या एका छोट्या चाचणीत कोरड्या त्वचेसाठी खोबरेल हे मिनरल ऑइलच्या तोडीस तोड ठरले. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठते, म्हणून जानेवारीत बाटली थिजलेली असते. तळहातावर घेतले की ते लगेच विरघळते, त्यासाठी चुलीजवळ ठेवायची गरज नाही. मोहरीचे तेल मात्र टाळायला सांगा. प्रयोगांत त्याने त्वचेचा अडसर भरून यायला उशीर लावल्याचे आणि सूर्यफुलाच्या तेलाने तो लवकर भरून आल्याचे दिसले आहे. शहरांत बाळाच्या मालिशीसाठी आलेल्या ऑलिव्ह तेलाबाबतही निष्कर्ष अनुकूल नाहीत. दिवाळीतले अभ्यंग शास्त्राला धरून आहे, पण तेलानंतर उटण्याने खसखसून घासून वर कढत पाणी घेतले तर तेलाचे काम तिथेच संपते. बाळाला डाळीचे पीठ चोळणाऱ्या आजीला हे समजावून सांगावे लागते. तिचा अपमान न करता, तिच्या हातातले तेल कायम ठेवून आणि पीठ बाजूला काढून.

कोकणातले भिरंडेल आपल्या मासिकातही कधी चर्चेला आले नाही याचे मला वाईट वाटते. कोकमाच्या बियांपासून काढलेले हे तेल साध्या हवेत घट्ट गोळ्याच्या रूपात राहते, कारण त्यात स्टिअरिक आम्लाचा मोठा वाटा असतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात टाचांच्या भेगांत ते निखाऱ्यावर धरून, वितळवून भरतात. घाटावर राळ आणि मेण तेलात कढवून मलम करतात. सुश्रुताने क्षुद्ररोगांत पाददारी वर्णिली आहे आणि वैद्यमंडळी राळ-मेणाची ही परंपरा तिच्याशी जोडतात. हे सगळे शेवटी तेच करते, भेग बुजवते आणि पाणी अडवते. रुग्ण रोज नेमाने लावत असेल तर बंद करायला लावू नका. मात्र गरम मेण थेट भेगेत ओतण्याला सक्त मनाई करा, विशेषतः ज्याच्या पायाला संवेदना नाही त्याला.

पाय हा या अंकातला माझा सर्वांत कळकळीचा विषय आहे. मधुमेहात स्वायत्त मज्जातंतू दुबळे झाले की पावलाला घाम येत नाही, कातडी सुकते, टाच चिरते, आणि दुखत नसल्यामुळे रुग्ण चालत राहतो. त्या चिरेतून जंतू शिरतात. पाय कापावा लागण्याची कहाणी अशाच एखाद्या भेगेपासून सुरू होऊ शकते. म्हणून थंडीत येणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाचे मोजे काढा, तो सर्दीसाठी आला असला तरी. टाचेवर 20 ते 25 टक्के युरियाचे मलम रात्री, वर सुती मोजे. उघड्या भेगेवर युरिया झोंबतो, तिथे आधी काही दिवस पेट्रोलियम जेली. बोटांच्या बेचक्यांत मलम नको, तिथे ओल धरते. संवेदना गेलेल्या पायावर वज्री जोरात घासू नये, पातीने कातडी सोलणे तर नाहीच. सॅलिसिलिक आम्लाची मलमे मधुमेही पायावर टाळावीत.

टाच फुटली म्हणजे थंडीच, असे गृहीत धरू नका. दोन्ही तळपाय आणि एकच तळहात कोरडा, पिठूळ असेल तर बुरशी शोधा. जाड, स्पष्ट कडांचे चट्टे असतील तर सोरायसिस. घरातल्या दोघा-तिघांना रात्री खाज असेल तर खरूज, आणि तिथे स्टिरॉइडने चित्र झाकले जाते. सर्वांग कोरडे आणि त्याबरोबर सुस्ती, बद्धकोष्ठ, वजनवाढ असेल तर थायरॉइड तपासा. आणि एखादाच चट्टा कोरडा, फिकट, घाम न येणारा दिसला तर कापसाच्या वातीने तिथली संवेदना तपासल्याशिवाय रुग्णाला उठू देऊ नका. 2005 मध्ये देशाने कुष्ठरोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नसल्याचे जाहीर केले, पण चंद्रपूर-गडचिरोलीत काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना नवे रुग्ण आजही भेटतात. ऊसतोडीला गावे सोडून गेलेल्या कुटुंबांत तर हंगामभर कुणी तपासायलाच नसते.

मुलांच्या गालांवरच्या पांढरट डागांना कॅल्शियम किंवा जंताचे औषध लागत नाही, स्निग्ध मलम आणि धीर लागतो. बाळाला पहिले वर्षभर रोज मलम लावल्याने एक्झिमा टळतो, असे आश्वासनही देऊ नका. 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1,394 बाळांवरच्या ब्रिटिश चाचणीत तो टळला नाही. आजार असेल तर मलम हवेच.

एक सूचना आपल्याकडे फारशी दिली जात नाही. मलमे मुरलेले कपडे, पट्ट्या आणि अंथरूण पटकन पेट घेतात. धुतल्यावरही मलमाचा अंश राहतो. ब्रिटनमध्ये अशा आगींत माणसे दगावल्यानंतर तिथल्या औषध नियामकांनी 2018 मध्ये स्पष्ट इशारा दिला. आपल्याकडे म्हातारी माणसे पायांना मलम चोळून, तेच धोतर-लुगडे नेसून शेकोटीला बसतात, बिडी ओढतात. रोज शेकोटीजवळ बसणाऱ्यांच्या नडग्यांवर तांबूस-काळपट जाळीदार डाग दिसले तर ते उष्णतेचे आहेत, खाजेचे नाहीत. अंतर वाढवा, कपडे वेगळे ठेवा, एवढे दोन शब्दांत सांगता येते.

या अंकासोबत तुमच्याकडून दोनच गोष्टी मागतो. मार्चपर्यंत कोरड्या त्वचेच्या प्रत्येक चिठ्ठीवर मलमाचे नाव लिहाल तिथे ग्रॅममध्ये प्रमाण आणि किती दिवसांत संपायला हवे तेही लिहा. आणि जुन्या रुग्णाला पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या मलमांच्या ट्यूब पिशवीत घालून आणायला सांगा. त्या पिशवीत काय निघाले ते आम्हाला जरूर कळवा, नावे न देता छापू.