मुरलेला चहा आणि रसिकतेची मिरासदारी

(द्वितीय वर्ष, कला)

चहा हा काय वैचारिक लेखाचा विषय झाला, असे आमच्या वर्गातील काही मंडळी म्हणतील. मला ते मान्य नाही. ज्या पेयावाचून आपल्याकडे पाहुणचार पुरा होत नाही आणि परीक्षेचा अभ्यासही होत नाही, त्याचा आपण इतका कमी विचार करतो, याचेच मला नवल वाटते. मात्र आज मला लिहायचे आहे ते आपल्या नेहमीच्या चहाविषयी नव्हे, तर चीनमधील युन्नान प्रांतात होणाऱ्या, आंबवून मुरवलेल्या काळसर 'पू-अर' चहाविषयी. आणि त्या निमित्ताने एका समजुतीविषयी. रसिकता घरातूनच यावी लागते, ती पिढ्यानपिढ्यांची मिरास असते, ही ती समजूत. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. नाटक, चित्रकला, शास्त्रीय संगीत यांच्याविषयी बोलताना हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. पू-अर चहाची हकीकत वाचताना मात्र या वाक्यातला पोकळपणा मला स्पष्ट दिसला.

प्रथम हा चहा होतो कसा ते पाहू. त्याचे झाड आपल्याला परके नाही. मोठ्या पानांची जी जात आसामात आहे, तीच युन्नानच्या डोंगरांत आहे. आसामात १९३०च्या दशकात पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारे यंत्र आले, आणि त्यातूनच झटपट रंग देणारी, आपल्या पातेल्यात उकळणारी चहाची भुकटी घरोघर पोहोचली. युन्नानमध्ये याच जातीचे पान कढईत परततात, हाताने चोळतात, उन्हात वाळवतात आणि वाफ देऊन, दाबून त्याच्या वड्या करतात. नेहमीची मोठी चकती ३५७ ग्रॅमची असते. अशा ७ चकत्या एकत्र बांधल्या की सुमारे अडीच किलोचा गठ्ठा होतो. घोड्या-खेचरांवर लादायला हे सोयीचे होते.

या चकत्या वर्षानुवर्षे ठेवून हळूहळू मुरू देतात, तो 'शंग', म्हणजे कच्चा पू-अर. पण जुन्या चहाला मागणी वाढली आणि इतकी वर्षे थांबायला कोणाला सवड राहिली नाही. तेव्हा १९७३च्या सुमारास कुनमिंग येथील चहाच्या कारखान्यात एक नवी रीत बसवली गेली. वाळलेल्या पानांचा ढीग घालायचा, त्यावर पाणी मारायचे, तो झाकून ठेवायचा आणि अधूनमधून खालीवर करायचा. सूक्ष्म जीव कामाला लागतात व ढीग आतून तापतो. शेणखताच्या ढिगात हात घालून पाहिलेल्या कोणालाही ही ऊब ठाऊक आहे. दीड-दोन महिन्यांत पान गडद होते आणि त्याचा तुरटपणा जातो. हा 'शौ', म्हणजे पिकवलेला पू-अर.

आता कोणी म्हणेल, मग हा कुजवलेलाच चहा की! पण आपल्या मराठीत कुजणे वेगळे, आंबणे वेगळे आणि मुरणे वेगळे. लोणचे मुरते, गवई मुरतो. त्यांना कोणी कुजले म्हणत नाही. राखण करून, वेळ देऊन जे बदलू दिले जाते ते मुरते. दुर्लक्षामुळे जे बिघडते ते कुजते.

हा चहा मुरवला कोणी आणि प्याला कोणी? युन्नानच्या डोंगरांत बुलांग आणि दाय या जमातींनी पिढ्यानपिढ्या चहाची झाडे राखली. त्यांच्या जिंगमाय डोंगरावरील जुन्या चहावनांचा २०२३ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समावेश केला. तेथून खेचरांचे तांडे डोंगरवाटांनी तिबेटपर्यंत चहा नेत. तिबेटी माणूस असा दाबलेला चहा उकळून, लोणी व मीठ घालून, घुसळून पितो. चीनच्याच ग्वांगशी प्रांतातील 'ल्यूबाओ' हा याच कुळातला काळा चहा मलायातील कथिलाच्या खाणींत राबणाऱ्या चिनी मजुरांचा होता. हाँगकाँगच्या उपाहारगृहांत पू-अर आजही जेवणाबरोबरचा साधा चहा आहे. थोडक्यात, हा चहा शेतकऱ्याचा, खेचरवाल्याचा, गुराख्याचा आणि खाणमजुराचा. चिनी राजदरबारातही तो नजराणा म्हणून जात असे हे खरे. पण दरबाराने ना झाड लावले, ना ओझे वाहिले.

त्याला चढ्या भावाने विकत घेऊन कपाटात ठेवणारे 'जाणकार' फार उशिरा आले. त्यांनी काय केले? चहा पिण्याऐवजी त्याचा सट्टा खेळला. भाव भराभर चढले आणि २००७ साली बाजार कोसळला. गंमत अशी की, त्याच वर्षी युन्नानमधील सिमाओ या शहराचे नाव बदलून 'पू-अर' ठेवण्यात आले होते. ज्याला पानाचा वास घ्यायला वेळ नाही आणि नुसता भाव ठाऊक आहे, त्याला रसिक म्हणावे काय?

आता थोडे घरचे. आमच्या घरी कोरा चहा ही दारिद्र्याची खूण होती. दूध नसेल त्या दिवशी कोरा चहा व्हायचा आणि तेव्हा कोणी पाहुणा येऊ नये असे आईला वाटायचे. इतिहासाच्या आमच्या एका मॅडमनी मला पू-अरच्या चार लहान गोळ्या दिल्या. त्यातली एक मी दिवाळीच्या सुट्टीत गावी नेली. बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा आईपुढे ठेवताना मला संकोच वाटला. आईने घोट घेतला, थोडी थांबली आणि म्हणाली, "पावसात भिजलेल्या वळचणीच्या लाकडाचा वास आहे गं याला." मग दुसरा घोट घेऊन म्हणाली, "वाईट नाही. पण गूळ टाक थोडा."

चौथीनंतर शाळा सुटलेल्या बाईचे हे शब्द आहेत. महागड्या पुड्यांवर छापलेली वर्णने मी वाचली आहेत. त्यांत याहून नेमके काही नाही. आईच्या जिभेला कमतरता नव्हती. तिला निवांत बसून घोट घ्यायला सवड कधी मिळाली नव्हती, एवढेच. ज्याला आपण रसिकतेचा अभाव म्हणतो, तो पुष्कळदा फुरसतीचा अभाव असतो.

तेव्हा मित्रहो, ज्यांना हा चहा चाखायचा आहे त्यांनी चिनी मातीच्या नाजूक भांड्यांसाठी अडून बसू नये. एक लहान भांडे आणि एक गाळणी पुरे. पाऊण कप पाण्याला साधारण ५ ग्रॅम चहा घ्यावा. कडकडीत उकळलेले पाणी ओतून पहिले पाणी लगेच फेकून द्यावे. त्याने पान धुऊन निघते आणि सैल होते. मग पुन्हा उकळते पाणी घालून दहा-पंधरा सेकंदांत गाळावे. तेच पान सहा-सात वेळा चालते. दर वेळी थोडा अधिक वेळ द्यावा. प्रत्येक घोट आधीच्याहून निराळा लागतो. सुरुवात पिकवलेल्या चहाने करावी. तो सौम्य असतो. कोवळा कच्चा पू-अर कडवट लागतो, पण नंतर घशात गोडवा परततो. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यासारखे! उरलेली वडी हवेशीर जागी, मसाल्याच्या डब्यापासून दूर ठेवावी. पावसाळ्यात तिच्यावर लोकरीसारखी बुरशी दिसली तर ती सरळ टाकून द्यावी. त्याला मुरणे म्हणत नाहीत. आणि वजन उतरवण्याचे औषध म्हणून तो मुळीच पिऊ नये. औषध नाक दाबून पितात. चहा नाक उघडे ठेवून प्यावा.

हे सारे चोचले आहेत, असा आक्षेप येईल. आमच्या वस्तीगृहात तो आलाही. ज्यांच्या घरी दुधाची भ्रांत, त्यांनी चिनी चहाच्या गप्पा माराव्यात काय? माझे उत्तर असे की, नाइलाजाने कोरा चहा पिणे आणि निवडून कोरा चहा पिणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर कापण्यासाठीच तर आमचे आईबाप आम्हाला इथे पाठवतात. शिक्षणाने केवळ नोकरी द्यावी आणि चव, सूर, रंग यांचा विचार इतरांवर सोपवावा, ही वाटणी मला मंजूर नाही.

रसिकता ही मिरास नव्हे, ती मशागत आहे. तिला लक्ष लागते आणि वेळ लागतो. कुनमिंगच्या कारखान्यालासुद्धा दीड-दोन महिने द्यावेच लागतात. मग पहिल्याच पिढीत पुस्तकांपर्यंत आलेल्या आम्हा मुलामुलींना थोडा वेळ द्यायला आपले हे सुसंस्कृत जग का कचरते? आम्हीही मुरत आहोत, गुरुजनहो. झाकण उघडून सारखे पाहू नका. पण अधूनमधून ढीग खालीवर करायला मात्र विसरू नका.