गाडीची खडखड थांबली, कानाचे काय?

परवा सायंकाळी दवाखान्यात एक तरुण आला. वय सव्वीस, प्रकृती धडधाकट. तक्रार एकच. "डॉक्टरसाहेब, रात्री कानात रातकिडा ओरडल्यासारखा आवाज येतो. दिवसा काही नाही. पण अंथरुणाला पाठ टेकली की सुरू होतो." कानात मळ नव्हता, पडदे शाबूत होते, सर्दी नव्हती, रक्तदाब ठीक होता. यंत्राजवळ काम करता का? नाही. जवळ फटाका फुटला होता का? नाही. अखेर जाता जाता त्यानेच बाहेर उभी असलेली आपली गाडी दाखवली आणि निदानाचा धागा हाती लागला.

गाडी जुनीच घेतलेली. पण डिकीत बारा इंची वूफर, वेगळा ॲम्प्लिफायर आणि दारांत मोठे स्पीकर. आवाज वाढवला की दारांचे पत्रे, नंबरप्लेट, आतले प्लास्टिक सगळे खडखडू लागे. गाण्यापेक्षा गाडीच जास्त वाजे. म्हणून त्याने चारही दारे आणि डिकी उघडून 'डॅम्पिंग' करून घेतले. "आता कितीही वाढवा साहेब, गाडी जरासुद्धा वाजत नाही," तो अभिमानाने म्हणाला. मी विचारले, "मग आता आवाज पूर्वीपेक्षा जास्त ठेवता की कमी?" तो नुसता हसला. मला उत्तर मिळाले.

हे डॅम्पिंग म्हणजे काय, ते आधी पाहू. स्वयंपाकघरात ताट खाली पडले की घणघणत राहते. त्यावर हात ठेवला की तत्काळ गप्प होते. तोच प्रकार इथे असतो. ब्यूटाईल रबराचा जाड पट्टा, त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, असे तुकडे दाराच्या आतल्या पत्र्यावर रोलरने दाबून चिकटवतात. पत्र्याची थरथर त्या रबरात जिरते आणि तिची किंचित उष्णता होते. सैल वायरी व प्लास्टिकच्या खटक्यांना फोमची किंवा फेल्टची पट्टी लावतात. यात वाईट काहीच नाही. उलट रस्त्याचा आणि टायरचा घोंघाटही थोडा कमी होतो.

मग माझा आक्षेप कशाला? ती खडखड हा एक फुकटचा इशारा होता. पत्रा ओरडून सांगत होता, 'पुरे झाले.' आपण पत्र्याचे तोंड बंद केले. आवाज मात्र तिथेच राहिला. किंबहुना दार घट्ट झाल्याने स्पीकरचा आवाज आत अधिक भरदार येतो. शिवाय खर्जाचा स्वर आपल्या कानाला मुळातच कमी जाणवतो. म्हणून माणूस बटण वाढवत नेतो आणि खर्जाबरोबर बाकीचे स्वरही वाढत जातात. बंद काचांच्या त्या लहानशा खोलीत सगळा मारा कानावर होतो.

आता थोडा हिशेब. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालेल, असे सर्वसाधारण प्रमाण कामगारांसाठी धरतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची शक्ती दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे! मोठा ॲम्प्लिफायर बसवलेल्या गाडीत १०० चा आकडा ओलांडणे मुळीच अवघड नाही. तालुक्याहून जिल्ह्याला जाईपर्यंत दिवसाचा सगळा कोटा कित्येक वेळा संपलेला असतो.

आपल्या प्रत्येक कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्यात सुमारे १५ हजार केसल पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या प्रथम दमतात. कानाला दडे बसतात, गुणगुण सुरू होते आणि दिवसभरात बरे वाटते. हे वारंवार झाले की त्या मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

माझ्या ट्यूनिंग फोर्कच्या तपासणीत या तरुणाला काही दोष दिसला नाही. पण त्यावर विसंबून चालत नाही. तो फोर्क सेकंदाला ५१२ कंपनांचा. गोंगाटाचा पहिला घाव बसतो तो ४००० कंपनांच्या आसपास. म्हणून मी त्याला कानाच्या तज्ज्ञांकडे ऑडिओग्रामसाठी पाठवले. आलेख आला आणि नेमका त्याच ठिकाणी दोन्ही कानांत खड्डा होता. अशा माणसाला पुढे 'आवाज येतो पण शब्द कळत नाही' अशी अवस्था येते. स, श, त, फ ही अक्षरे आधी निसटतात. घरचे म्हणतात, लक्ष देत नाही.

"यावर गोळी द्या," तो म्हणाला. मरून गेलेल्या पेशी परत आणणारी गोळी नाही, हे सांगताना मलाच वाईट वाटले. श्रवणयंत्र आवाज मोठा करते. गेलेला कान परत देत नाही.

यंत्रमागावर वर्षानुवर्षे काम करून कान गमावलेले लोक आपल्या राज्यात पुष्कळ आहेत. त्यांनी पोटासाठी कान दिले. आपली मुले हौसेसाठी, वर पदरचे पैसे मोजून तेच घेतात, याचे मला दुःख होते.

काही जण म्हणतील, आमची गाडी, आमचे कान. पण डॅम्पिंगने खर्जाचा आवाज पुरता अडत नाही. तो 'धप धप' करीत शेजारच्या आजारी म्हाताऱ्याच्या खाटेपर्यंत जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. आणि काचा लावून मोठ्याने गाणी ऐकणाऱ्याला मागच्या रुग्णवाहिकेचा भोंगाही वेळेवर ऐकू येत नाही.

तेव्हा हौस करू नका, असे मी म्हणत नाही. डॅम्पिंग जरूर करा. पण घोंघाट कमी झाला म्हणून आवाजाचे बटणही दोन घरे खाली आणा. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज जास्त आहे असे समजा. लांबच्या प्रवासात तासाभराने कानाला विसावा द्या. दडे बसले किंवा गुणगुण आली, तर तो दिवस गाणी बंद. दोन दिवसांत थांबली नाही, तर तपासणी करून घ्या. एकाएकी एका कानाने ऐकू येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा; तिथे उशीर महागात पडतो.

निघताना मी त्या तरुणाला विचारले, "घरी लहान कोण आहे?" "मुलगी आहे, दोन वर्षांची." "गाडीत कुठे बसते?" "मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर." वूफर त्या सीटच्या पाठीमागेच. "गाणी लावली की कानांवर हात ठेवते," तो म्हणाला, "आम्हाला वाटायचे, नाचते आहे." मग तो गप्प झाला. पत्रा गप्प केला, तरी ती मुलगी अजून इशारा देत होती.