अपान, मज्जातंतू आणि कनकासव

‘वात म्हणजे मज्जातंतू’ हे समीकरण आपल्या वैद्यवर्गात इतके रूढ झाले आहे की, त्याची फोड करण्याची आवश्यकता कोणास वाटत नाही. आमच्या मते हे समीकरण अपुरे आहे आणि काही रुग्णांच्या बाबतीत ते अपायकारकही ठरू शकते.

हातापायांच्या मांसपेशींना मज्जातंतूंकडून एकच आज्ञा मिळते, ती आकुंचनाची. आशयांच्या भित्तीतील अनैच्छिक मांसपेशींचे तसे नाही. बेलिस व स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये श्वानाच्या आतड्याकडे बाहेरून येणारे मज्जातंतू छेदले; तरीही आतील वस्तूच्या वरचा भाग आकुंचन पावे व खालचा शिथिल होई. आतड्याच्या भित्तीत स्वतःचेच मज्जाजाल आहे, असा त्याचा अर्थ. बस्तीचे उदाहरण आणखी बोलके आहे. नॉरॲड्रिनॅलिन बस्तीची भित्ती शिथिल करते आणि तेच द्रव्य बस्तीमुख आवळते. द्रव्य एक, कर्मे परस्परविरुद्ध; निर्णय होतो तो मांसपेशीवरील ग्राहींमुळे. पुढे मूत्रोत्सर्गाच्या वेळी ॲसिटिलकोलीन भित्तीचे आकुंचन घडविते. अपान ‘योग्य काळी’ मूत्र बाहेर काढतो, असे सुश्रुताचार्य सांगतात. त्या ‘काळी’ शब्दात तोपर्यंतचे धारणही आले, असे आम्ही मानतो.

आता मुख्य मुद्दा. श्वासरोगात आपण कनकासव सर्रास देतो. त्यातील धत्तूर ॲसिटिलकोलीनचे कर्म रोखतो. श्वासनलिका सैल होतात, रुग्णास बरे वाटते. परंतु धत्तुरास श्वासनलिका आणि बस्ती हा भेद कळत नाही. पौरुषग्रंथी वाढलेल्या वृद्धाची बस्ती आधीच अडथळ्याशी झगडत असते. तिचे बळ काढून घेतले की मूत्राघात होतो. खुरासनी ओव्याचेही तेच. रुग्ण टायोट्रोपियमचा फवारा किंवा वारंवार लघवी होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन घेत असेल, तर त्याच कर्माची भर पडते. काचबिंदूचा एक प्रकारही याने बळावतो.

ही दोन्ही द्रव्ये औषध नियमांच्या ई (१) या विषद्रव्यांच्या परिशिष्टात आहेत, हे पदवी परीक्षेपुरते पाठ करून आपण विसरतो. साठीपुढील प्रत्येक श्वासरुग्णास कनकासव लिहिण्यापूर्वी मूत्राची धार, रात्रीच्या खेपा, नेत्रविकार आणि चालू असलेली आधुनिक औषधे विचारून रुग्णपत्रिकेत नोंदवावीत, असा आमचा आग्रह आहे. शंका असल्यास धत्तूररहित कल्प निवडावा. आणि मूत्र पूर्ण अडलेच, तर गोक्षुराच्या काढ्यावर वेळ न दवडता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवून नलिकेने मूत्र काढवून घ्यावे.