काटा आपला, वही आपली



वनहक्काचे दावे करताना आपण एक गोष्ट शिकलो. बापजाद्यांपासून जमीन कसतो, हे नुसतं तोंडाने सांगून कोणी ऐकलं नाही. जुने बांध, म्हाताऱ्यांचे जबाब, दंडाच्या पावत्या, मोजणीचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव असं सगळं कागदावर आणलं तेव्हा दावा उभा राहिला. आमचं म्हणणं असं की पोरांच्या ताटाचंही आता तसंच करायला पाहिजे.

काही साथी म्हणतात, वजनमापं हे संस्थांचं काम, आपण जमिनीचं बघू. आम्हाला हे पटत नाही. जमीन आपण मागतो कशाला? नागली, वरई, उडीद पिकावा, आषाढ-श्रावणात कणगीत दाणा राहावा म्हणूनच ना? घरात पोरगं सुकतंय आणि ते आपल्याला पुराव्यानिशी सांगता येत नाही, तर आपली लढाई अर्धीच राहिली.

पेठ-त्र्यंबकच्या घाटाखाली जव्हार तालुक्यात वावर-वांगणी आहे. १९९२-९३ मध्ये तिथली पोरं गेली तेव्हा सगळ्या राज्यात बोभाटा झाला. तरीही पुढे प्रत्येक वेळी वाद एकाच गोष्टीवर झाला. किती मेली, आणि कशाने मेली? कागदावर ताप येतो, जुलाब येतात, पण भूक येत नाही. मग राज्यातल्या १३ संस्थांनी गावोगाव माणसं शिकवून जन्म-मृत्यू स्वतः नोंदले. २००१ साली त्याचा ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला. सरकारी नोंदीपेक्षा बालमृत्यू कितीतरी जास्त आहेत, हे त्यातून दिसलं आणि सरकारला समिती नेमावी लागली. गावातल्याच माणसांनी नीट नोंद ठेवली तर काय होतं, ते यातून समजून घ्यावं.

ही कामं दोन आहेत. पहिलं संशोधन, म्हणजे जे माहीत नाही ते शोधायचं. आपल्या गावात कोणत्या महिन्यात चूल मंदावते? काल सकाळपासून आज सकाळपर्यंत पोराच्या पोटात काय काय गेलं? हा प्रश्न भाताच्या कापणीनंतर विचारला तर एक उत्तर मिळेल, श्रावणात विचारला तर दुसरंच. म्हणून तो दोन्ही वेळा विचारावा लागतो. रानभाजी, खेकडे, मासे, कंद, मोहाची फुलं हेही लिहायचं. बाहेरचा माणूस ते विचारत नाही, आणि आपल्या बाया ‘ते काय सांगायचं’ म्हणून सोडून देतात.

दुसरं काम ऑडिट, म्हणजे जे ठरलेलं आहे ते होतंय का ते बघायचं. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. त्यात प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातेला एक वेळचं पूर्ण जेवण, आणि ७ महिने ते ६ वर्षांच्या पोराला महिन्यातून १६ वेळा अंडं किंवा केळी. ही मापं आपण ठरवलेली नाहीत, सरकारने ठरवलेली आहेत. आपण फक्त विचारायचं, ठरलं किती आणि मिळालं किती?

आता आमची चूक सांगतो. आम्ही पहिल्यांदा गावातली पोरं तोलली तेव्हा थंडीचे दिवस होते. पोरं कपड्यांसकट झोळीत बसवली, झोळीचं वजन वजा केलं नाही, वय आईला विचारून अंदाजाने टाकलं. यादी घेऊन बैठकीला गेलो. साहेबांनी दोनच प्रश्न केले. काटा तपासला होता का? जन्मतारीख कुठून आणली? आमच्यापाशी उत्तर नव्हतं. यादी बाजूला पडली. त्याहून वाईट म्हणजे एक सुकलेलं पोरगं त्या यादीत कपड्यांच्या वजनामुळे बरं दिसत होतं. आमच्याच चुकीने ते झाकलं गेलं. म्हणून सांगतो, शिकून करा.

आम्ही शिकलो ते असं. तोलण्याआधी काटा शून्यावर आणायचा आणि दुकानातलं एक-दोन किलोचं माप टांगून बघायचं. पोराच्या अंगावर कमीत कमी कपडे ठेवायचे. जन्मतारखेचा दाखला नसेल तर सण-कामावरून वय काढायचं. होळीच्या आधी झालं की नंतर? वाघबारशीला पोटात होतं की मांडीवर? नागलीची लावणी चालू होती का? एक-दोन महिन्यांच्या फरकानेही पोराची श्रेणी बदलते. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराच्या डाव्या दंडाला मधोमध पट्टी लावायची. माप ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर लाल, म्हणजे त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. ११.५ ते १२.५ च्या मधे असेल तर पिवळं.

सगळ्यात मोठी गोष्ट यादीची. समजा गावात ४० पोरं आहेत. २८ तोलली, त्यात २ लाल निघाली. वर अहवाल गेला, २ लाल. पण उरलेली १२ कुठं आहेत? आईबापासोबत दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत. ज्या घरात जास्त ओढाताण तीच घरं आधी बाहेर पडतात, म्हणजे ज्यांना बघायला पाहिजे तीच पोरं हिशोबातून सुटतात. म्हणून आधी घरोघर फिरून सगळ्या पोरांची यादी करायची, मग तोलायचं. जे गावात नाही त्याच्यापुढे ‘गावात नाही’ असंच लिहायचं, रकाना कोरा सोडायचा नाही. ती परत आली की पुन्हा तोलायची.

आणखी दोन गोष्टी. अंगणवाडीची ताई आपल्याच गावची बाई आहे. पुरवठा वरूनच आला नाही, अंड्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकले, तर तिला धारेवर धरून काय होणार? वही तिच्यासोबत बसून भरा, अडलंय कुठं ते शोधा. दुसरं, आकडा फुगवू नका. एक खोटा आकडा सापडला की दहा खरे आकडेही खोटे ठरतात. आणि लाल पोराचं नाव सभेत वाचू नका. सभेत फक्त संख्या सांगा, नाव वहीत राहू द्या. आईला विचारल्याशिवाय ते कोणाला देऊ नका.

हे काम कोणाच्या मेहरबानीचं नाही. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षण लिहिलेलं आहे. रेशनच्या नोंदी लोकांना बघायला खुल्या ठेवायच्या, असंही त्याच कायद्यात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे खर्चाचा दाखला पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यायचा असतो. हा अधिकार आहे, पण हातात वही नसली तर सभेत आपण नुसतं भांडतो आणि घरी येतो.

तर पुढच्या ग्रामसभेच्या आधी प्रत्येक गावाने दोन बाया आणि लिहिता येणारं एक पोरगं नेमावं. एकच प्रश्न घ्यावा, १६ पैकी किती अंडी मिळाली? घरागणिक लिहा, सभेत वाचा, ठराव करा, वर पाठवा. आणि तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारलं नाही तर पहिल्यांदा विचारल्याचा उपयोग नाही. आकडा वाढला तर काम झालं. नाही वाढला तर मोर्चात पुढे काय धरायचं ते आपल्याला कळलं.

जिंदाबाद!