यंत्राला झेंडू, कारागिराला काय?

आज खंडेनवमी. वेल्डिंगच्या टपऱ्यांत, सुतारांच्या शेडमध्ये, गॅरेजमध्ये आज यंत्रांना सुटी असेल. ड्रिल, कटर, ग्राइंडर पुसून ओळीने मांडले जातील, त्यांना हळदकुंकू लागेल, झेंडू वाहिला जाईल. ज्याच्यावर पोट चालते त्यापुढे वर्षातून एकदा हात जोडण्याची ही रीत चांगलीच आहे. पण पूजेला मांडलेल्या त्या ग्राइंडरकडे जरा नीट पाहावे. चकतीवरचे अर्धगोल लोखंडी आवरण, म्हणजे गार्ड, अनेक ठिकाणी जागेवर नसते. ते कुठेतरी कोपऱ्यात गंजत पडलेले असते किंवा यंत्र घेतले त्याच दिवशी काढून टाकलेले असते.

गार्ड का लागते, हे एका साध्या हिशेबातून कळते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११ हजार फेरे घेतो. म्हणजे चकतीची कड ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. चकती फुटली, तर तिचे तुकडे याच वेगाने सुटतात आणि त्यांच्या वाटेत असतो तो कारागिराचा चेहरा, गळा किंवा पोट. गार्ड काढले की मोठी चकती बसवता येते, हा आणखी एक मोह. त्याच यंत्रावर सात इंची चकती चढवली, तर कडेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या पुढे जातो. अशा चकत्या मात्र सहसा सेकंदाला ८० मीटरपर्यंतच सुरक्षित मानून बनवलेल्या असतात. हा आकडा चकतीवर छापलेला असतो. तो वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही.

त्याहून घातक प्रकार म्हणजे ग्राइंडरला लाकूड कापायचे दातेरी पाते लावणे. लाकडाच्या करवतीचे यंत्र याच्या निम्म्याच्या आसपास वेगाने फिरते आणि त्याचे आवरण आपोआप मिटते. ग्राइंडरवर दातेरी पाते लाकडात अडकले, की यंत्र उलट उसळते. हात मागे घेण्याचा विचार मनात येण्याआधीच ते बोटांवर किंवा मांडीवर आलेले असते.

मग कारागीर हे का करतो? निष्काळजीपणा म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण काम अंगावर घेतलेले असते, मजुरी चौरस फुटावर मिळते. गार्डमुळे कोपऱ्यात यंत्र शिरत नाही, गॉगलवर धूळ बसते, थांबून पुसावे लागते आणि थांबलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. यंत्राचे फिरते भाग झाकलेले असावेत, हे आपल्या कायद्याने १९४८ च्या कारखाने अधिनियमातच सांगितले होते. पण तुमच्या-आमच्या स्वयंपाकघरात ओटा बसवायला आलेल्या दोन माणसांपर्यंत कारखान्याचा निरीक्षक कधी पोहोचणार? तिथे यंत्र पाहणारे दोघेच असतात : ठेकेदार आणि घरमालक.

म्हणून घरमालकानेही चार गोष्टी पाहायला हव्यात. पहिली, वीज. पिन नसलेल्या तारा आगकाडीने सॉकेटमध्ये खोचून यंत्र चालवले जात असेल, तर ते तिथेच थांबवावे. वायरिंगमध्ये ३० मिलीअँपिअरला तुटणारा ईएलसीबी असेल, तर गळती झाल्यावर तो क्षणार्धात वीज तोडतो. साधा फ्यूज माणसाला वाचवण्यासाठी बनवलेलाच नाही. वीज गेली तर यंत्राचे बटण बंद करून पिन काढावी. नाहीतर वीज परतताच जमिनीवर पडलेला ग्राइंडर आपोआप सुरू होतो.

दुसरी गोष्ट, धूळ. ग्रॅनाइट, फरशी, काँक्रीट कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि तिथे कायमचे व्रण करतात. हा सिलिकोसिस. तो एकदा झाला की बरा करणारे औषध नाही. ओट्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्‌झ दगडात सिलिकाचे प्रमाण फार मोठे असते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. निदान एन-९५ मास्क हवा, काम उघड्यावर हवे आणि पाणी सोडण्याची सोय असलेला कटर हवा. पाणी आणि वीज एकत्र आली, की वर सांगितलेल्या ईएलसीबीची गरज दुप्पट होते.

तिसरी गोष्ट डोळे आणि कान. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. ठिणगीबरोबर उडालेला लोखंडाचा कण बाजूने आत शिरतो. तसेच कापताना होणारा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. बहिरेपण हळूहळू येते, म्हणून ते लक्षात येत नाही.

चौथी, निगा. लोखंड कापण्याच्या चकतीला मुदत असते. मधल्या धातूच्या कड्यावर ती छापलेली असते. पावसाळ्यात ओल शोषलेली, पडलेली किंवा कड उडालेली चकती फेकून द्यावी. नवी चकती लावताना आधी पिन काढावी. मग माणसांपासून दूर धरून यंत्र मिनिटभर मोकळे फिरवावे. कापण्याच्या चकतीच्या बाजूने घासकाम करू नये. वायर सोललेली असेल, तर चिकटपट्टी न गुंडाळता ती बदलावी. ब्रशपाशी ठिणग्या वाढल्या, तर कार्बन ब्रश तपासावेत. हवा घेण्याच्या फटी धुळीने बुजू देऊ नयेत.

एवढे करूनही अपघात झालाच, तर पहिली दहा मिनिटे महत्त्वाची. डोळ्यात कण रुतला असेल, तर डोळा चोळू नये, रुमालाच्या टोकाने किंवा लोहचुंबकाने तो काढू नये. डोळ्यावर दाब न देता कागदी पेला धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. बोट तुटले, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा. हळद, चहापूड, ग्रीस काही लावू नये. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात टाकले, तर ते जोडण्याच्या लायकीचे उरत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन विसरू नये.

गार्ड यंत्राबरोबर फुकट येते. गॉगल आणि मास्क काही शे रुपयांत मिळतात. हा खर्च मजुराच्या खिशातून नव्हे, तर कामाच्या अंदाजपत्रकातून व्हायला हवा. टाइल्सचा रंग निवडायला आपण चार दुकाने फिरतो. त्या बसवणाऱ्याचे डोळे शाबूत राहावेत म्हणून ठेकेदाराला एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आणि आज पूजा करणाऱ्या प्रत्येकाने फूल वाहण्याआधी कोपऱ्यातले ते गार्ड शोधून जागेवर बसवावे. उद्या सीमोल्लंघन करून कामावर परतताना दहाही बोटे शाबूत असणे, हाच यंत्राचा खरा प्रसाद.